पेजेचा दाटपणा आणि संगणकाचा तर्क

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? संगणकावरच्या सिम्युलेशनचा विषय निघाला की शहापूर-मुरबाडकडच्या आम्हा शिक्षकमंडळींत ही म्हण हमखास निघते. म्हणणाऱ्यांत माझ्याहून ज्येष्ठ माणसे आहेत, आयुष्यभर रसायनशास्त्र जीव ओतून शिकवलेली. त्यामुळे हा पूर्वपक्ष उडवून लावण्यासारखा नाही. तो नीट मांडूनच त्याचे खंडन केले पाहिजे.

त्यांचे म्हणणे असे. संगणकाला निसर्ग ठाऊक नसतो, आपण दिलेले नियम तेवढे ठाऊक असतात. नियम आपणच घालायचे, कळ आपणच दाबायची आणि पडद्यावर जे हलेल त्याला निष्कर्ष म्हणायचे, ही स्वतःचीच फसवणूक आहे. दुसरे असे की, पेलाभर द्रवातले रेणू मोजायला अब्जांची अब्जपट अपुरी पडते आणि संगणकात मांडतात ते काही हजार मणी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातले हवे. तिसरा मुद्दा शाळा-कॉलेजांतला आहे. काचसामान फुटलेले, रसायने संपलेली, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी. अशा ठिकाणी मुलांना पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवून वह्या भरून घ्यायची सोय म्हणजे सिम्युलेशन.

या तिसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्याच बाजूचा आहे. एका वर्षी मी जिथे शिकवत होतो तिथे आम्लारिचे अनुमापन अख्खे वर्ष माउसने झाले. रंग दर वेळी नेमक्या त्याच थेंबाला बदलायचा. कुणाचा हात हलला नाही, कुणाचा ब्युरेट गळला नाही, कुणाचे उत्तर चुकले नाही. त्या मुलांना ब्युरेटचा स्पर्श न होताच ती परीक्षेला बसली, याचे मला आजही वाईट वाटते. पण ती चित्रफीत होती. तिच्यातले उत्तर करणाऱ्याला आधीच ठाऊक होते. सिम्युलेशन, म्हणजे परिभाषेतले सदृशीकरण, तिथेच सुरू होते जिथे उत्तर करणाऱ्यालाही ठाऊक नसते. या दोन गोष्टींना एकच नाव पडले आणि पहिलीची बदनामी दुसरीच्या माथी आली.

माझा मुद्दा मी एका नेमक्या प्रश्नावर मांडतो: चिमूटभर पदार्थाने भांडेभर पाणी दाट कसे होते?

मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडच्या एका पाड्यावर आम्ही अंगणवाडीच्या चुलीवर दोन पातेली ठेवली होती. दोन्हींत पाणी सारखे, नाचणीचे पीठ सारखे. दोन्हीकडची पेज इतकी दाट झाली की पळी उभी राहावी. मग दोन्ही उतरवून जरा निवू दिली आणि एकीत चमचाभर मोडाच्या नाचणीचे पीठ टाकून ढवळले. मोड काढलेली, वाळवलेली, दळलेली तीच नाचणी. थोड्याच वेळात त्या पातेल्यातली पेज पळीवरून धार धरून पडू लागली, दुसरीतली होती तशीच गच्च. बघायला आलेल्या एका आजींचा चेहरा उतरला. ‘‘पातळ झाली की मास्तर. पोराच्या अंगाला काय लागणार?’’

आजींचा प्रश्न घरोघरचा आहे. दाट ते सकस, पातळ ते पाणचट. पण त्या पातेल्यातून आम्ही काहीच काढले नव्हते, उलट चमचाभर पीठ वाढले होते. मोड येताना धान्यात तयार होणारे अमायलेज हे विकर पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या जागोजाग तोडते. साखळ्या आखूड होतात, वस्तू तेवढीच राहते, दाटपणा जातो. वर्षाच्या मुलाचे पोट केवढे? दाट पेजेचे चार घास गेले की ते तोंड फिरवते, म्हणून आई पाणी घालून पेज सैल करते आणि प्रत्येक घासातले पीठ निम्म्यावर येते. मोडाचे पीठ घातले तर दुप्पट पीठ शिजवूनही पेज तेवढीच सैल राहू शकते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात या मोडाच्या पिठावर काम केले. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात कुपोषणाची चर्चा होते तेव्हा ते काम आठवायला हवे.

दाटपणा पदार्थाच्या प्रमाणात नसतो, हे आजींच्या पातेल्याने सांगितले. मग तो कशात असतो?

साखरेच्या पाकापासून सुरुवात करू. शंभर ग्रॅम पाकात साठ ग्रॅम साखर असली तर तो पाण्याच्या साधारण साठपट दाट होतो. म्हणजे निम्म्याहून जास्त भांडे साखरेने भरावे तेव्हा साठपट. गवारीच्या बियांपासून काढलेला गवार गम शंभर ग्रॅम पाण्यात एकच ग्रॅम टाका, ते पाणी संथ ढवळताना हजारपटीहून दाट लागते. बाभूळवर्गातल्या झाडांचा डिंक मात्र शंभरात तीस ग्रॅम घातला तरी बऱ्यापैकी वाहतो. गवार गम आणि डिंक, दोन्ही शर्करेच्या घटकांनी गुंफलेले बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. फरक घडणीत आहे. गवारीची साखळी लांब आणि सरळ, पाण्यात ऐसपैस पसरणारी. डिंकाचा रेणू फांद्याफांद्यांचा, आवळून बसलेला.

फक्त प्रमाणाचा हिशेब किती पुढे जातो हे आइन्स्टाइनने दाखवले. द्रवात घन गोळे मिसळले तर दाटपणा किती वाढतो याचे त्याचे सूत्र आज असे सांगतात: गोळ्यांनी जितका भाग व्यापला त्याच्या अडीचपट. म्हणजे शेकडा एक भाग गोळे असतील तर दाटपणा शेकडा अडीच वाढेल. कुठे शेकडा अडीच आणि कुठे हजारपट! या दोन आकड्यांमधले अंतर गोळ्यांच्या कोणत्याही मोजदादीने भरून निघत नाही. साखळीने साखळीशी काय केले, हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि पाहायचे कसे? हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२०मध्ये मांडले की हे पदार्थ म्हणजे प्रचंड लांबीचे रेणू आहेत. त्यांची थट्टा झाली, पुढे १९५३ साली नोबेलही मिळाले. पण तेही या रेणूंना ताठ काठ्या समजत होते. त्या काठ्या नसून सैल दोऱ्यासारखी विस्कटलेली गुंडाळी असते, हा विचार व्हेर्नर कून यांनी १९३४मध्ये पुढे आणला. पियेर-जिल द जेन यांनी १९७१मध्ये चित्र काढले ते असे: दाट गर्दीतली साखळी आडवी सरकू शकत नाही, कारण शेजारच्या साखळ्या वाट अडवतात, ती गवतातल्या सापासारखी आपल्याच अंगाच्या वाटेने पुढेमागे सरकते. एडवर्ड्स आणि दोई यांनी त्या वाटेला ‘नळी’ मानून पुरते गणित उभे केले. त्या गणितातून निघाले की साखळीची लांबी दुप्पट केली तर दाटपणा आठपट व्हावा. प्रयोगशाळांतली मापे मात्र आधीपासून साडेदहापट सांगत होती.

इतकी वर्षे हे सगळे कुणी पाहिलेले नव्हते. नळी होती ती कागदावर. काचनळीतून द्रव सोडून घड्याळ लावले तर दाटपणाचा एक आकडा मिळतो, पण साखळी सापासारखी गेली की बेडकासारखी, हे तो आकडा सांगत नाही. पूर्वपक्षाने ‘प्रयोगच खरा’ म्हणताना हे विसरू नये, की या प्रश्नात प्रयोग बाहेरून पाहतो आणि वाद आतल्या हालचालीचा आहे.

१९९०मध्ये कुर्ट क्रेमर आणि गॅरी ग्रेस्ट यांनी संगणकात साखळ्या मांडल्या. मणी आणि स्प्रिंगा, मण्याला मणी स्प्रिंगेने जोडलेला, जास्तीत जास्त ४०० मण्यांची माळ. नियम तीनच म्हणता येतील: जोडलेले मणी तुटू नयेत, दोन मणी एकाच जागी मावू नयेत, आणि उष्णतेची धडपड सतत चालू राहावी. साप घातला नाही, नळी घातली नाही, आठपट किंवा साडेदहापट घातले नाही. आखूड माळा आपल्या जागी मोकळ्या वळवळत राहिल्या. सुमारे ३५ मण्यांच्या पुढे गेल्यावर माळांचा वेग मोडला; त्या आपल्या अंगाच्या वाटेनेच जास्त सरकू लागल्या. हा ३५चा आकडा पुढे मोजण्याची रीत सुधारली तसा वाढला, पण मुद्दा तो नव्हे. आडात तीन नियम होते आणि पोहऱ्यात नळी आली.

इथे आक्षेपक म्हणेल: ती नियमांत लपलेलीच होती, तुम्ही बाहेर काढली एवढेच. कबूल. भूमितीतला प्रत्येक सिद्धान्तही गृहीतकांत लपलेलाच असतो. म्हणून त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज ज्याला सापडली त्याला नवे काही कळले नाही, असे आपण म्हणत नाही. आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७मध्ये संगणकात नुसते कठीण गोळे सोडले, एकमेकांना न ओढणारे. ते पुरेसे दाटीवाटीने भरले की आपोआप रांगा लावून स्फटिकासारखे बसले. आकर्षण नसताना द्रव गोठू शकतो यावर तोवर जाणकारांचा विश्वास बसत नव्हता. नियम त्यांनाही ठाऊक होते, परिणाम ठाऊक नव्हता. आडातले पाणी आडातच असते. पण पोहरा सोडल्याशिवाय ते गोडे की खारे हे कळत नाही.

याहून मोठी गोष्ट मला वर्गातच शिकायला मिळाली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर शंभर मण्यांच्या माळांचा एक साधा प्रोग्रॅम आहे. पातेल्याचा प्रयोग ऐकून एका मुलीने विचारले, ‘‘सर, इथे माळा मधोमध कापल्या तर?’’ एक आकडा बदलायचा होता, बदलला. मणी तेवढेच, माळा निम्म्या लांबीच्या. माळांनी आणलेला दाटपणा साधारण निम्मा झाला. मुले खूश. मागच्या बाकावर बसलेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी मात्र उठून म्हणाले, ‘‘पातेल्यात निम्मा झाला का? तिथे तर पार पाणी झाले.’’

त्यांचे बरोबर होते. काही अंशी कारण असे की पेजेत नुसत्या साखळ्या नसतात. शिजून फुगलेले स्टार्चचे कणही असतात आणि विकर तेही विरघळवते. पण खरे कारण प्रोग्रॅममध्येच होते. माझ्या माळा एकमेकींच्या आरपार जात होत्या, भुतांसारख्या. हिशेब सोपा राहावा म्हणून मी तेवढी सूट दिली होती. दोन माळा एकमेकींना ओलांडू शकणार नाहीत, हा एकच नियम घातला की लांब माळांचा गुंता होतो आणि लांबी निम्मी केल्यावर दाटपणा निम्म्यावर न थांबता दहाव्या हिश्श्याच्या आसपास घसरू शकतो.

हे मी त्यांना सांगितले आणि सांगता सांगता मलाच नीट उमगले, की सिम्युलेशनचे सामर्थ्य निसर्गाची नक्कल करण्यात कमी आणि निसर्गात न घडणारे घडवून पाहण्यात जास्त आहे. आरपार जाणाऱ्या साखळ्यांचा द्रव जगातली कुठलीही प्रयोगशाळा बनवू शकत नाही. पण तसा द्रव असता तर किती दाट असता हे कळल्याशिवाय खऱ्या दाटपणातला गुंत्याचा वाटा किती हे कसे सांगणार? राल्फ एव्हरार्स आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये अशीच एक अशक्य गोष्ट केली. संगणकातल्या सगळ्या साखळ्यांची टोके जागेवर रोवली आणि साखळ्या आवळायला लावल्या. सैल वळणे निघून गेली आणि जिथे एक साखळी दुसरीला खरोखर अडली होती तेवढेच कोन उरले. कागदावरची नळी दोऱ्यांच्या जाळ्यासारखी समोर आली आणि तिच्यावरून पदार्थाचा ताठरपणा काढता आला. खऱ्या पातेल्यात हे कोण करणार?

या जातीच्या विचाराला आपल्याकडे जुने नाव आहे: तर्क. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ मोजले, त्यात प्रमाण वेगळे आणि तर्क वेगळा. डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता, हा तर्क. नैयायिकांनी त्याला प्रमाणाचा दर्जा दिला नाही, पण प्रमाणाचा साहाय्यक म्हणून त्याची जागा पक्की केली. ‘गुंता नसता तर एवढा दाटपणाही नसता’ हे वाक्य त्याच घडणीचे आहे. फरक इतकाच की ‘किती नसता’ हे आकड्यात काढायला लाखो पायऱ्यांचा हिशेब लागतो आणि तो माणसाच्या हातून होत नाही. सिम्युलेशन प्रमाण नाही, हे पूर्वपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. प्रमाण नाही म्हणून खेळ आहे, ही उडी मला मान्य नाही. मधल्या जागेचे नाव आपल्याच शास्त्राने देऊन ठेवले आहे.

दुसऱ्या टोकालाही एक मत अलीकडे जोर धरते आहे: संगणक एवढे वेगवान झाले, आता प्रयोगशाळेची गरज काय? हे मत पहिल्याहून घातक आहे, कारण ते तर्कालाच प्रमाण करून बसवते. पुन्हा आइन्स्टाइनकडे जाऊ. त्याच्या १९०५च्या प्रबंधात अडीचपट हा आकडा नव्हता. तिथे एकपट होते. पेरँ यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत बांसलँ यांनी मापे घेतली आणि ती सूत्राशी जुळेनात. आइन्स्टाइनने आपल्या सहायकाला, लुडविग होप्फला, गणित तपासायला सांगितले. चूक सापडली आणि १९११मध्ये एकाचे अडीच झाले. माप घेणारा नसता तर जगातल्या सर्वांत तल्लख डोक्याचा हिशेबही चुकीचाच राहिला असता. मण्यांच्या हिशेबाला याहून वेगळा न्याय कसा लागेल?

राहिला थोड्या मण्यांचा आक्षेप. एकेक अणू मांडून हिशेब करायचा तर काळाची पायरी एका सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग ठेवावी लागते. अशा एक सेकंदाला दहा लाख अब्ज पायऱ्या. साखळीची गुंडाळी उलगडून पुन्हा गोळा व्हायलाच कधी कधी सेकंद लागतो. म्हणून पुष्कळसे अणू मिळून एक मणी करतात. ही लबाडी असेल तर आइन्स्टाइनचे गोळेही लबाडीच. काय सोडले आणि काय ठेवले हे उघड सांगितले असले की ते शीत त्याच भांड्यातले ठरते. शिवाय ते तपासूनही पाहता येते. १९९०च्या दशकात स्टॅनफर्डला पर्किन्स, स्मिथ आणि स्टीव्हन चू यांनी डीएनएचा एकेक रेणू रंगवून वाहत्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली ताणला जाताना पाहिला. एकाच प्रवाहात एकसारखे रेणू वेगवेगळ्या तऱ्हेने उलगडत होते: कुणी दुमडून अडकलेला, कुणी दोन टोकांना गाठोडी धरलेला. लार्सन आणि सहकाऱ्यांच्या मण्या-स्प्रिंगांच्या माळांनीही तशाच घड्या, तशीच गाठोडी दाखवली. घडी कशी पडावी हे कुणी लिहून दिले नव्हते.

हे सगळे दूरदेशीचे वाटू नये. माळशेज उतरून आमच्याकडे येणारा रस्ता ज्या पुण्याहून येतो तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर १९७६ साली रुजू झाले आणि पॉलिमरच्या द्रवांच्या वाहण्याचा अभ्यास तिथे रुजला. २०२१मध्ये तिथले संचालक झालेले आशिष लेले हेही त्याच विषयातले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१मध्ये उभा केला तोही पुण्यातच. एका शहरात माप घेणारे आणि हिशेब करणारे दोघेही आहेत. आमच्या तालुक्यातल्या बी.एस्सी.च्या मुलांना यातले एकच काही निवडायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ते ज्येष्ठ सहकारी त्या दिवशीनंतर दोनदा लॅपटॉपजवळ येऊन बसले. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारले, ‘‘फांद्या असलेली माळ घालता येते का?’’ येते. मणी तेवढेच ठेवून एक माळ सरळ आणि एक फांद्यांची केली. फांद्यांची माळ गुठळी करून बसली, जागा कमी घेऊ लागली, दाटपणाचा आकडा उतरला. गवार आणि बाभूळ दोन्ही पडद्यावर आली. मग त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. धावड्याचा डिंक होता, आमच्या डोंगरातला, मधाच्या रंगाचे खडे. हा दोघांत कुठे बसेल, असा त्यांचा प्रश्न. मी आणि मुलांनी मिळून अंदाज बांधला: याचा रेणूही फांद्यांचा, पण बाभळीएवढा आवळलेला नसावा, म्हणून बाभळीपेक्षा दाट, गवारीच्या खूप खाली. तो अंदाज तारखेसह फळ्यावर लिहिला आणि ‘पुसू नये’ असे खाली लिहिले. त्यांनी कपाटातून ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटर काढून धुऊन उपडा घातला, स्टॉपवॉचचा सेल बदलला. डिंक रात्रभर भिजत ठेवला आहे. सकाळी तो वस्त्रगाळ करायचा, कारण याचा थोडा भाग पाण्यात विरघळत नाही, आणि मग खुणेपासून खुणेपर्यंतची वेळ मोजायची आहे.